रक्ताच्या कागदाचें वाचन



पूर्वीं आमच्या देवळ्यासारख्या गांवांत घरीं येणारा महत्त्वाचा छापील कागद म्हणजे मुलाचें प्रगतिपुस्तक. आतां त्याच्या जोडीला आणखी एक कागद घरोघर येऊं लागला आहे, आणि तो म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. दोहोंची मांडणीही एकसारखीच. डाव्या बाजूस विषयांचीं नांवें, मध्यें मिळालेले गुण, उजवीकडे किती मिळावयास हवे होते तो आंकडा. आणि नापास विषयाखालीं जशी तांबडी रेघ, तशी येथें कमी-अधिक आंकड्याशेजारीं ठळक अक्षरांची खूण. जन्मभर प्रगतिपुस्तकें भरण्यांत गेल्यामुळें हा दुसरा कागदही आपणांस सहज वाचतां येतो, अशी माझी समजूत होती. ती किती चुकीची होती आणि त्या चुकीची किंमत कोणास मोजावी लागली, तें पुढें सांगणारच आहें.

मी वैद्य नव्हे. जें सांगणार आहें तें डॉक्टरमंडळींना विचारून, चार पुस्तकें चाळून समजून घेतलेलें आहे. औषध कोणतें घ्यावयाचें हें ठरविण्याचा अधिकार आपापल्या डॉक्टरांचाच. परंतु कागद हातीं आल्यावर त्यांना कोणता प्रश्न विचारावा, एवढें तरी प्रत्येक गृहस्थाला व गृहिणीला कळावें, असें मला वाटतें. कारण हा विषय दूरचा नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें. म्हणजे हें भाषण ज्या घरांत ऐकलें जात आहे त्यांतील निम्म्या घरांत तरी तो पाहुणा येऊन बसलेला आहे.

रक्तक्षय आहे कीं नाहीं, हें हिमोग्लोबिनच्या आंकड्यावरून ठरतें. प्रौढ पुरुषांत तो १३ च्या खालीं, स्त्रियांत १२ च्या खालीं आणि गर्भारपणीं सर्वसाधारणपणें ११ च्या खालीं गेला कीं रक्तक्षय म्हणावयाचा. येथपर्यंत सर्वांना ठाऊक असतें. परंतु रक्तक्षय हें, ताप या शब्दाप्रमाणेंच, रोगाचें नांव नसून लक्षणाचें नांव आहे. अंग तापलें म्हणजे हिंवताप कीं विषमज्वर हें जसें कळत नाहीं, तसेंच हिमोग्लोबिन ९ आहे एवढ्यावरून तें कां उतरलें हें कळत नाहीं. आपल्याकडे मात्र 'रक्त कमी' म्हटलें कीं लगोलग 'लोहाच्या गोळ्या' हें उत्तर तयार असतें. बहुतेक वेळां तें बरोबर येतें, आणि म्हणूनच जेव्हां चुकतें तेव्हां ध्यानांत येत नाहीं.

याचें फार सुंदर उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलेलें आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गर्भारपणीं स्त्रियांना होणाऱ्या एका भयंकर रक्तक्षयाचा शोध लावण्याचें काम त्यांच्याकडे होतें, आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटशीं त्या कामाचा संबंध होता. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गर्भारपणीं पांढऱ्याफटक पडत आणि त्यांतील कित्येक दगावत. विल्सबाईंनीं त्यांचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरलें, आणि या बायका काय खातात याचीही बारकाईनें चौकशी केली. लोह कमी पडलें म्हणजे तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. येथें तर त्या नेहमींपेक्षां मोठ्या होत्या! म्हणजे उणीव लोहाची नव्हे, दुसऱ्याच कशाची तरी होती. आहारांत फळें, भाजीपाला, दूध यांची वाण होती. प्राण्यांवरील प्रयोगांनंतर त्यांनीं या रोगिणींना यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा एक स्वस्त खाद्यपदार्थ देऊन पाहिला, आणि रोगिणी सुधारूं लागल्या. १९३१ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. त्या पदार्थांतील गुणकारी द्रव्य पुढें १९४१ मध्यें पालकाच्या पानांतून वेगळें करण्यांत आलें व पानावरूनच त्याला फॉलिक आम्ल असें नांव पडलें. १९४५ च्या सुमारास तें कृत्रिम रीतीनें तयार झालें, त्या कामांत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वांटा होता. आज गर्भवतीला जी गोळी मिळते तींत लोहाच्या शेजारीं फॉलिक आम्ल बसलेलें असतें, तें या मुंबईच्या गिरणकामगार बायकांच्या पुण्याईनें.

विल्सबाईंनीं पेशींचा आकार डोळ्यांनीं पाहिला. आतां यंत्रच तो मोजतें आणि कागदावर 'एमसीव्ही' या नांवाखालीं छापून देतें. साधारणतः हा आंकडा ८० ते १०० असावा. ८० च्या खालीं गेला तर पेशी लहान, १०० च्या वर गेला तर मोठ्या. हिमोग्लोबिनच्या खालोखाल पाहावयाचा आंकडा तो हाच. मोठ्या पेशी दिसल्या तर फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांचा विचार प्रथम करावा लागतो. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव कांहीं दुर्मिळ नाहीं. दोन उणिवा एकत्र आल्या तर मात्र गंमत होते. एक पेशीला लहान करते, दुसरी मोठी करते, आणि सरासरी बरोबर नव्वदावर येऊन बसते! वर्गांतील निम्मीं मुलें शंभर गुणांचीं व निम्मीं शून्याचीं असलीं तरी सरासरी पन्नासच येते, तसेंच हें. अशा वेळीं 'आरडीडब्ल्यू' हा आंकडा वाढलेला दिसतो. तो पेशींच्या आकारांतील तफावत सांगतो.

आतां पेशी लहान आहेत असें धरूं, आणि लोहाकडे वळूं. आमच्या तालुक्यांत कांदा हेंच मुख्य पीक, म्हणून मला हा सारा व्यवहार कांद्याच्या भाषेंतच उमगला. शेतकरी कांदा काढतो, चाळींत भरून ठेवतो, भाव पाहून गाडींत घालतो आणि उमराण्याच्या बाजारांत नेतो. शरीरांतही नेमकें हेंच चालतें. चाळ म्हणजे लोहाचा सांठा. तो यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत असतो आणि 'फेरिटिन' नांवाच्या द्रव्यांत भरलेला असतो. गाड्या म्हणजे 'ट्रान्सफेरिन' हें द्रव्य; तें रक्तांतून लोह वाहून नेतें. आणि बाजार म्हणजे हाडांतील मज्जा, जेथें तांबड्या पेशी तयार होतात.

या व्यवहाराचे आंकडे मोठे मनोरंजक आहेत. प्रौढ माणसाच्या शरीरांत सारें मिळून लोह ३ ते ४ ग्रॅम, आणि त्यांतील सुमारें दोन तृतीयांश तांबड्या पेशींतच गुंतलेलें. पेशीचें आयुष्य १२० दिवसांचें. ती मेली कीं तिचें लोह शरीर टाकून देत नाहीं, वेंचून पुन्हां वापरतें. असें रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरत राहतें. आहारांतून रोज आंत येतें तें अवघें १ ते २ मिलिग्रॅम, आणि तेवढेंच कातडीच्या व आंतड्याच्या झडणाऱ्या पेशींवाटे बाहेर जातें. लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय निसर्गानें ठेवलेलीच नाहीं. तेव्हां मोठ्या माणसाचें लोह आटलें, तर पुष्कळदां त्याचा अर्थ असा कीं कोठें तरी रक्त गळत आहे. कारण दर दोन मिलिलिटर रक्ताबरोबर जवळजवळ एक मिलिग्रॅम लोह जातें. स्त्रियांच्या बाबतींत मासिक स्राव व बाळंतपणें हें उघड कारण असतें. पुरुषाच्या बाबतींत, आणि पाळी थांबलेल्या स्त्रीच्या बाबतींत, तें कारण शोधावें लागतें. एवढें वाक्य कृपा करून ध्यानांत ठेवा. तें मला फार उशिरां कळलें.

लोहाच्या तपासणीच्या कागदावर चार आंकडे असतात. पहिला सीरम आयर्न, म्हणजे या क्षणीं रस्त्यावरील गाड्यांत किती माल आहे. हा आंकडा सर्वांत बेभरंवशाचा. कोणत्याही क्षणीं गाड्यांत सारें मिळून ३-४ मिलिग्रॅमच लोह असतें. सकाळीं निराळें, संध्याकाळीं निराळें. आदल्या रात्रीं लोहाची गोळी घेतली असेल तर आंकडा फुगून येतो. एका दिवशीं रस्त्यावर कांद्याच्या दहा गाड्या दिसल्या म्हणून तालुक्यांत पीक भरपूर आहे असें कोणी म्हणणार नाहीं; पण या आंकड्यावरून तसें म्हणणारे पुष्कळ भेटतात. यास्तव ही तपासणी सकाळीं, उपाशीं पोटीं, आणि डॉक्टरांस विचारून गोळी एक-दोन दिवस बंद ठेवून करवावी.

दुसरा आंकडा 'टीआयबीसी', म्हणजे सगळ्या गाड्यांची मिळून माल वाहण्याची ताकद. माल कमी पडूं लागला कीं शरीर अधिक गाड्या रस्त्यावर आणतें. म्हणून लोहाच्या उणिवेंत हा आंकडा वाढतो. कागदावर तो वाढलेला पाहून 'चला, एक तरी गोष्ट भरपूर आहे' असें म्हणणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत! तिसरा आंकडा शेंकडेवारीचा: गाड्या किती भरलेल्या आहेत. २० टक्क्यांच्या खालीं गाड्या भरल्या असतील तर बाजाराला माल अपुरा पडूं लागला असें समजतात.

चवथा फेरिटिन, आणि एकच आंकडा पाहावयाचा असेल तर हाच. रक्तांत आढळणारें थोडेंसें फेरिटिन चाळींतील सांठ्याच्या प्रमाणांत असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें निरोगी प्रौढांत तें १५ च्या खालीं गेलें म्हणजे चाळ रिकामी. पुष्कळ डॉक्टर ३० च्या खालींच सावध होतात, आणि अमेरिकेंतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२० सालीं रक्तक्षय झालेल्यांसाठीं ४५ ही मर्यादा सुचविली. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं चाळ आधीं रिकामी होते, मग गाड्या, आणि सर्वांत शेवटीं बाजार ओस पडतो. म्हणजे हिमोग्लोबिन १२ वर टिकून आहे तोंवरच फेरिटिन ८ वर गेलेलें असूं शकतें. घरांतील मुलगी दमते, केस गळतात, खडू किंवा माती खाविशी वाटते, आणि कागदावर हिमोग्लोबिनच्या शेजारीं कांहीं खूण नाहीं म्हणून सारे तिला आळशी ठरवितात. शाळेंत खडू खाणाऱ्या मुलींना मीं स्वतः रागें भरलों आहें. ती खोड नव्हती, तें लक्षण असावें, हें आतां कळून काय उपयोग?

फेरिटिन कमी असेल तर शंका उरत नाहीं. लोह कमीच आहे. परंतु तें पुरेसें दिसलें म्हणून लोह पुरेसें आहे असें मात्र नव्हे. शरीरांत कोठें जंतुसंसर्ग, संधिवातासारखा दाह किंवा यकृताचा विकार असेल तर फेरिटिन आपोआप वाढतें. शिवाय अशा दुखण्यांत यकृत 'हेप्सिडिन' नांवाचें द्रव्य अधिक सोडतें, ज्याचा शोध २००० नंतरच्या एक-दोन वर्षांतला आहे. हा चाळीवरचा कुलुपवाला. तो आला कीं चाळीला कुलूप, आणि आंतड्याचेंही दार बंद. माल आंत आहे, पण बाजारांत येत नाहीं! अशा रोग्याच्या कागदावर सीरम आयर्न कमी, टीआयबीसीही कमी किंवा बेताची, आणि फेरिटिन बरें किंवा चढतें दिसतें. याकरितां दाह असतांना प्रौढांत ७० पर्यंतचें फेरिटिनही उणिवेचें मानावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हां तापांत किंवा नुकत्या गेलेल्या तापांत तपासणी केली असेल तर तें डॉक्टरांस आठवणीनें सांगावें, आणि सीआरपी ही दाहाची तपासणी करावी कां, असें विचारावें.

आणखी एक प्रकार सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं, कारण त्यांत लग्नाचा प्रश्न येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीला तीन वर्षें लोहाच्या गोळ्या चालूं होत्या आणि हिमोग्लोबिन १०.५ च्या वर जाईना. तिची एमसीव्ही होती ६४. इतकी लहान पेशी पाहून कोणीही लोहच सांगेल. परंतु फेरिटिन ९० होतें, म्हणजे चाळ भरलेली. आणि तांबड्या पेशींची संख्या ५८ लक्ष, म्हणजे नेहमींपेक्षां जास्तच. लोह कमी असेल तर पेशी लहानही होतात आणि संख्येनेंही घटतात. पेशी अतिलहान पण संख्येनें उदंड, असें दिसलें कीं थॅलेसीमियाच्या वाहकपणाचा संशय घ्यावा. यासाठीं एक सोपा भागाकार आहे. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येनें भागावें. येथें ६४ भागिले ५.८, उत्तर ११. उत्तर १३ च्या खालीं आलें तर संशय थॅलेसीमियाकडे, वर आलें तर लोहाकडे झुकतो. हा निव्वळ ठोकताळा. निश्चिति हिमोग्लोबिनच्या निराळ्या तपासणीनें होते. तिच्यांत हिमोग्लोबिन ए-२ चें प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक आढळलें, तर वाहकपणा ठरतो. या मुलीचें तसेंच निघालें. तिला स्वतःला त्यापासून भय नाहीं; परंतु नवरामुलगाही वाहक असेल तर प्रत्येक अपत्याला चारांत एक या प्रमाणांत तीव्र रोगाचा धोका. वडिलांनीं ही गोष्ट लपविली नाहीं, येणाऱ्या स्थळाला सांगितली, आणि मुलाची तपासणी करवून मगच लग्न ठरविलें. पत्रिकेचे छत्तीस गुण जुळविणाऱ्या आपल्या समाजांत मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. आमच्या उत्तरेस नंदुरबारकडे भिल्ल व पावरा बांधवांत सिकलसेल नांवाचा असाच आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. तेथेंही पिवळसर, थकलेलें मूल पाहून नुसत्या लोहाच्या बाटल्या देत राहणें हा उपाय नव्हे.

आतां माझी चूक सांगतों. माझे वडील बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असूं, वयाच्या ६८ व्या वर्षीं थकूं लागले. शेताच्या बांधावर दोनदां बसावें लागे. तपासणी केली, हिमोग्लोबिन ९.१. एका डॉक्टरांनीं लोहाचें टॉनिक लिहून दिलें. घरांतला शिकलेला माणूस म्हणून कागद माझ्या हातीं आला. मीं प्रगतिपुस्तकाप्रमाणें वाचला. तीन महिन्यांनीं हिमोग्लोबिन ११.२ झालें. "दादा, पास झालांत," असें मीं त्यांना हंसत म्हणालों, आणि वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली. टॉनिक थांबलें. वर्षाच्या आंत हिमोग्लोबिन ८ वर आलें. या खेपेस पुतण्यानें नाशकास नेलें. तेथें फेरिटिन काढलें तें ६. डॉक्टरांनीं एकच प्रश्न विचारला, "रक्त जातें कोठें?" आम्हांपैकीं कोणीच हा प्रश्न आजवर विचारला नव्हता. शौचावाटे दिसण्यासारखें कांहीं नव्हतें, पोटांत दुखतही नव्हतें. दुर्बिणीनें मोठें आंतडें तपासलें तेव्हां उजव्या बाजूस गांठ निघाली. ती थेंब थेंब गळत होती. शस्त्रक्रिया झाली, परंतु रोग यकृतापर्यंत पोंचला होता. दादा त्यानंतर चौदा महिने जगले.

पहिल्याच कागदावर एमसीव्ही ७१ होती. पुरुष, वय ६८, पेशी लहान. एवढ्या तीन गोष्टी एकत्र वाचल्या असत्या तर वर्षभर आधीं आंतड्याकडे पाहिलें गेलें असतें. त्यानें दादा वांचलेच असते असें मी म्हणत नाहीं. परंतु टॉनिकानें आंकडा वर चढला यांतच आम्हीं समाधान मानलें, आणि तो चढणें हाच खरें तर पुरावा होता कीं लोह कमी होतें व तें कोठें तरी जात होतें. सर्वांच्या बाबतींत इतकें भयंकर कांहीं निघत नाहीं. गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षें खाल्ल्यानें जठरांत झालेला व्रण, मूळव्याध, शेतांत अनवाणी चालल्यानें होणारे आंकडेकृमि, हींही कारणें सांपडतात, आणि तीं सर्व बरीं होण्यासारखीं आहेत.

शेवटीं डाळिंबाविषयीं दोन शब्द, नाहीं तर आमच्या कसमादे भागांतील बागाईतदार मला विचारल्यावांचून राहणार नाहींत. डाळिंब उत्तम फळ आहे. परंतु त्याचा रस तांबडा म्हणून तें रक्त वाढवितें, ही समजूत रंगावरून झालेली. १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असतें, आणि स्त्रीला आहारांतून रोज २९ मिलिग्रॅम हवें असें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलें आहे. फळ अवश्य खावें, पण गोळीच्या जागीं नव्हे. अळीव, बाजरी, हिरव्या भाज्या, कडधान्यें आणि चालत असेल तेथें मांसमासे यांचा उपयोग अधिक. त्यावर लिंबू पिळावें, आणि चहा जेवणाला लागून न घेतां तासभर मागें-पुढें ढकलावा.

गोळी सुरू झाल्यावर साधारण महिन्याभरांत हिमोग्लोबिन १ ते २ नें चढावयास हवें. चढलें नाहीं तर गोळी नियमानें घेतली जाते कां, पचते कां, रक्त अद्याप जातें कां, कीं निदानच निराळें आहे, हे प्रश्न त्या क्रमानें विचारावेत. ज्यांना रोजच्या गोळीनें पोटाला त्रास होतो त्यांनीं ती एक दिवसाआड घेतां येईल कां असें डॉक्टरांस विचारावें. झुरिच येथील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं रोज गोळी घेण्यापेक्षां एक दिवस मध्यें सोडला तर प्रत्येक गोळींतील लोह अधिक शोषलें जातें, कारण मघांचा तो कुलुपवाला गोळीमागोमाग दिवसभर दारावर उभा असतो. आणि हिमोग्लोबिन पूर्ववत् झालें म्हणून गोळी लगेच थांबवूं नये. बाजार भरला तरी चाळ अद्याप रिकामीच असते; ती भरावयास आणखी सुमारें तीन महिने लागतात, आणि ती भरली कीं नाहीं हें पुन्हां एकदां फेरिटिन पाहूनच कळतें. त्या दिवशीं जुना कागद बरोबर न्यावा.